देवळीतले मोहोळ

सासरच्या गावी, औसा तालुक्यात, आमच्या माळवदाच्या घराच्या मागच्या भिंतीत एक देवळी होती. कंदील ठेवण्यासाठी केलेल्या त्या देवळीच्या तळाचा एक दगड हललेला होता, आणि त्या दगडामागच्या फटीतून आत, दोन हात जाडीच्या भिंतीच्या पोटात, सातेरी जातीच्या मधमाश्यांचे मोहोळ होते. १९८४ साली मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ते होतेच. सासूबाई सांगत की त्या आल्या तेव्हाही ते होते. त्या माश्यांना कोणी साखर घातली नाही की मुंग्यांपासून राखले नाही. एखाद्या उन्हाळ्यात त्या निघून जात आणि पावसाळा सरला की त्याच फटीत पुन्हा माश्या दिसू लागत. त्याच की दुसऱ्या, हे कोण सांगणार? वर्षातून एकदा, करडईची काढणी तोंडावर आली की गावातले एक जाणते म्हातारबाबा संध्याकाळी गोवरीचा धूर घेऊन येत, दगड सरकवून हात आत घालत, मधाची एक-दोन पोळी काढत आणि बाकीची तशीच ठेवून दगड जागेवर लावत. सगळी का काढत नाही, असे मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, "समदं नेलं तर त्यायनी उन्हाळ्यात काय खावं, माय?"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने ती भिंत उभी चिरली. आमच्या गावात माणसे वाचली, पण किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात हजारो माणसे ज्यांच्याखाली गाडली गेली त्या याच जातीच्या भिंती होत्या, दगडमातीच्या, आणि त्यांच्या डोक्यावर मातीचे जड माळवद; त्यामुळे त्या घरांची आठवण हळव्या सुरात काढणे मला जमत नाही. आमचीही भिंत पाडली. माश्या दोन दिवस मागच्या बाभळीला घोस करून लटकल्या आणि तिसऱ्या दिवशी दिसल्या नाहीत. पुढे पत्र्याची आणि स्लॅबची घरे आली. त्यांत माणूस निर्धास्त झोपू लागला, माशीला शिरायला मात्र फट उरली नाही.

२०१७ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर लातूरच्या घराच्या परसदारी मी मधमाश्या पाळू लागले. आज तीन पेट्या नांदत्या आहेत. मधल्या वर्षांत पाच गेल्या, आणि त्या पाचांपैकी निदान चार माझ्याच चुकीने गेल्या. या चुकांतून जे शिकले ते एका वाक्यात मांडायचे तर आमच्या भागात मधपेटी सांभाळणे म्हणजे पाऊण इंचाच्या फळीकडून त्या दोन हात जाडीच्या भिंतीचे काम करवून घेणे होय. मध ही त्यानंतरची गोष्ट आहे. जे कोणी परसदारी एखादी पेटी ठेवू पाहतात त्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ जे काही आहे ते या एका गोष्टीभोवतीच फिरणारे आहे.

माशी कोणती पाळावी, हा प्रश्न सगळे प्रथम विचारतात, पण त्यात निवडीला फारसा वाव नसतो. पिंपळाच्या फांदीला, पाण्याच्या उंच टाकीखाली किंवा लेण्यांच्या कड्याला जे परातीएवढे एकच पोळे लटकते ते आग्यामोहोळ. त्याच्या वाटेला जाऊ नये आणि मुलांना त्यावर दगड मारू देऊ नये, एवढेच त्याविषयी सांगता येईल. लिंबाच्या झुडपात किंवा मेंदीच्या कुंपणात तळहाताएवढे पोळे करणारी ती फुलोरी. या दोन्ही माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्यामुळे त्या पेटीत राहत नाहीत. अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणाऱ्या माश्या दोनच, आपली सातेरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. मेलिफेरा मध कितीतरी अधिक देते, पण तिचा व्यवसाय करणारे पेट्या ट्रकवर घालून फुलोऱ्यामागे गावोगाव फिरतात. निवृत्त शिक्षिकेला ते झेपणारे नाही. एका जागी राहून जे मिळेल त्यावर निभावणारी सातेरी परसदाराला पुरेशी आहे. फक्त तिचा एक स्वभाव आधीच जाणून असावा. न पटलेल्या जागी ती राहत नाही. मेलिफेरा हाल सोसूनही पेटीत टिकते, सातेरी एका दुपारी उठून निघून जाते.

माझी पहिली पेटी माश्यांसकट विकत आली होती. विकणाऱ्याने ती सह्याद्रीच्या अंगाची वसाहत असल्याचे अभिमानाने सांगितले, आणि मलाही ते भूषणाचे वाटले. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच आहे आणि लातूरचा एप्रिल काय असतो, हे भूगोल शिकवणाऱ्या बाईला सुचू नये याचे आज हसू येते. आता माझे मत असे आहे की वसाहत शक्यतो आपल्याच मुलखातली घ्यावी, विहिरीच्या कपारीतून, पडक्या गढीच्या भिंतीतून किंवा जुन्या चिंचेच्या ढोलीतून काढलेली. दूरची वसाहत आणण्यात रोगाचेही भय असते. सातेरीच्या अळ्यांना पाण्याच्या पिशवीसारख्या करून मारणारा थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूजन्य रोग १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात पसरला आणि त्याने तिथल्या बहुतेक पेट्या रिकाम्या केल्या. असे रोग वसाहतींच्या ने-आणीबरोबर प्रवास करतात.

"बाई, कुठंबी ठेवा, काय होत नाही," असे विकणाऱ्याने सांगितले होते. घरात नातवंडे होती, म्हणून मी पेटी गच्चीवर ठेवली. थंडीत सगळे सुरळीत चालले. शहराबाहेरच्या रानात करडई फुलली, पेटीच्या दाराशी पायांना पिवळ्या गोळ्या चिकटवून येणाऱ्या माश्यांची रीघ लागली आणि मी स्वतःवर खूश झाले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी गच्चीवर वाळवण काढायला गेले तेव्हा पेटीच्या दारातून मध ठिबकत होता. झाकण उचलले तर मधली दोन पोळी चौकटींतून सुटून तळाच्या फळीवर आडवी पडली होती, मध, अळ्या आणि बुडालेल्या माश्या यांचा एकच लगदा झाला होता. मेण वितळते ते बासष्ट-त्रेसष्ट अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी, चाळिशी ओलांडली की ते मऊ पडते आणि मधाचे वजन त्याला पेलत नाही. गच्चीचा स्लॅब खालून तापला होता, पत्र्याचे झाकण वरून. उरलेल्या माश्या संध्याकाळपर्यंत पेटीच्या बाहेर चिकटून बसल्या आणि सकाळी गेल्या.

पेटीचा दोष नव्हता. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या मधमाश्या पाळणाऱ्या गृहस्थांनी १८५१ साली एक गोष्ट हेरली होती, ती अशी की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांमध्ये आठ-नऊ मिलिमीटरची वाट ठेवली तर माश्या ती वाट मेणाने बुजवत नाहीत, आणि मग चौकट सुटी उचलून पाहता येते. सुट्या चौकटींच्या सगळ्या पेट्या या एका मापावर उभ्या आहेत. आपल्या सातेरीसाठी लहान चौकटींची पेटी तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी १९११ च्या सुमारास घडवली. पण पेटीने माणसाला उघडझाप दिली तेव्हा माशीकडून भिंतीची जाडी काढून घेतली, आणि ही वजाबाकी भरून काढणे हे पाळणाऱ्याचे काम आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते.

पेटीची जागा निवडताना सकाळचे ऊन मिळेल आणि दहा-साडेदहानंतर सावली येईल अशी बघावी; दार पूर्वेला किंवा आग्नेयेला करावे, म्हणजे माश्या लवकर कामाला लागतात. दारासमोर निदान आठ-दहा फूट मोकळी जागा लागते, कारण माशी सरळ रेषेत उतरते आणि तिच्या रेषेत जो उभा राहील त्याला ती अडथळा समजते. माझ्याकडे जांभळाची सावली होती, तरी ती पुरली नाही, म्हणून पेट्यांवर दीड हात उंच तुराट्यांचा मांडव घातला. पत्र्याच्या झाकणावर कडब्याच्या पेंढ्या आणि त्यांवर दुहेरी बारदान टाकले. मार्चपासून हे बारदान सकाळ-दुपार ओले करते, मात्र पाणी पेटीच्या सांध्यांत शिरू देत नाही. सातेरी मेलिफेरासारखा झाडांचा डिंक गोळा करून फटी लिंपत नाही, ते काम आपल्यालाच करावे लागते. मी पेटीच्या बाहेरच्या अंगाला सांध्यांवर शेणमातीचा हात फिरवते. भिंतीचे काम भिंतीच्याच मालाने केलेले बरे.

पाण्याचा विषय थोडा विस्ताराने सांगते, कारण शेजाऱ्यांशी बिघडते ते यावरूनच. पिल्ले वाढतात त्या भागाचे तापमान माश्यांना पस्तीस अंशांच्या आसपास राखावे लागते. बाहेर बेचाळीस असले की त्या पाणी आणून पोळ्याच्या काठांवर त्याचे पातळ थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. वाळ्याच्या पडद्याचे तत्त्व तेच आहे. आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीला कूलर आहे, आणि कूलरच्या ओल्या गवतासारखी सोयीची जागा माशीला दुसरी नाही. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या माश्या आमच्या कूलरला येलाल्यात. लेकरू झोपतंय तिथं." मी घाईघाईने परसदारी पाण्याची घमेली ठेवली. माश्यांनी ढुंकून पाहिले नाही. एकदा पाण्याची जागा ठरली की ती त्या सहसा सोडत नाहीत, आणि वसाहतीतल्या पाणी भरणाऱ्या माश्या तीच वाट धरतात. त्यामुळे पाणी ठेवायचे ते तहान लागल्यावर नव्हे, त्याच्या आधी, कूलर माळ्यावरून खाली उतरण्यापूर्वी म्हणजे फेब्रुवारीतच. आता मी एका पसरट परळात खडे आणि बारदानाचा तुकडा घालून ते पेट्यांपासून पंधरा-वीस पावलांवर ठेवते, आणि ते कधीच पुरते कोरडे पडू देत नाही. स्वच्छ नळाच्या पाण्यापेक्षा शेवाळाचा वास लागलेले पाणी माश्यांना अधिक आवडते. परळ घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह आवरावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात माश्यांसाठी रोज चार तांबे पाणी राखून ठेवणे विचित्र वाटेल. मलाही वाटते. पण ते चार तांबे चुकले की माश्या शेजाऱ्याच्या कूलरवर किंवा कोपऱ्यावरच्या रसवंतीवर जातात, आणि रसवंतीच्या चरकाशी उन्हाळ्यात किती माश्या मरतात ते पाहवत नाही.

दार वाचायला शिकणे हा या सगळ्यातला मला सर्वांत रुचलेला भाग. सुरुवातीला मी उत्साहाने दर तिसऱ्या दिवशी पेटी उघडत असे. पेटी उघडली की आतली ऊब किंवा गारवा जातो, वास फाकतो, आणि तो परत जमवायला माश्यांची निम्मी दुपार खर्ची पडते. दुसरी वसाहत मी अशीच काळजी करून करून घालवली. आता हंगामात दहा दिवसांतून एकदा आणि उन्हाळ्यात अगदी अडले तरच सूर्य वर येण्याच्या आत उघडते; एरवी सकाळी चहाचा कप घेऊन दाराच्या बाजूला, समोर नव्हे, मोडा टाकून बसते. पायांना परागाच्या गोळ्या लावून माश्या येत असतील तर आत पिल्ले आहेत आणि बहुधा राणीही आहे. आठवडा-पंधरवडा पराग आलाच नाही आणि माश्या दारात उगाच घुटमळत असतील तर काहीतरी बिघडले आहे. दुपारी तीनच्या सुमारास शे-दीडशे माश्या पेटीकडे तोंड करून हवेत झुलताना दिसतात, तेव्हा नवखा माणूस थवा निघाला म्हणून घाबरतो. त्या कोवळ्या माश्या असतात आणि आपले घर ओळखून घेत असतात, वीस मिनिटांत परत जातात. दारासमोर माश्या जिभा बाहेर काढून मरून पडल्या असतील तर जवळपास कुठेतरी फवारणी झाली आहे.

उन्हाळ्यात दारात वारा घालणाऱ्या माश्या नीट पाहाव्यात. सातेरी वारा घालते तेव्हा तिचे डोके बाहेर आणि शेपटी दाराकडे असते, म्हणजे ती बाहेरची हवा आत लोटते. मेलिफेरा उलटी उभी राहून आतली हवा बाहेर ओढते. सहा पायांनी फळी घट्ट धरून, पोट किंचित उचलून, पंख दिसेनासे होईपर्यंत फिरवणारी ती एवढीशी माशी अर्धा-अर्धा तास जागची हलत नाही. मी त्या मोजते. दुपारी दोन वाजता दारात पाच-सहा असतील तर ठीक. वीसच्या पुढे गेल्या तर बारदान पुन्हा भिजवायला उठावे लागते.

पेटी उघडायची तेव्हा हलक्या रंगाचे सुती कपडे घालावेत, अत्तर किंवा सुगंधी तेल लावू नये आणि केळे खाऊन मुळीच जाऊ नये. माशी डंख मारते तेव्हा जो धोक्याचा गंध सोडते तो पिकल्या केळ्याच्या वासासारखा असतो, आणि तो आला की बाकीच्या माश्या धावून येतात. धुरासाठी वाळलेली गोवरी आणि नारळाची शेंडी उत्तम. दोन-तीन हलके झोत दारात द्यावेत, खोलीत डास मारतात तसा धूर कोंडू नये. चौकट सरळ उभी उचलावी, आडवी केली की उन्हाने मऊ झालेले नवे पोळे सुटते. आत राणी शोधत बसण्याची गरज नसते. सूर्याकडे पाठ करून पोळ्यातल्या सहाकोनी घरांच्या तळाशी पाहावे. बारीक तांदळाच्या कणीसारखे एकेक अंडे उभे दिसले तर राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती, कारण अंडे तीनच दिवस अंडे राहते. एका घरात दोन-तीन अंडी, तीही कडेला वेडीवाकडी दिसली, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. अशी वसाहत सावरणे कठीण असते.

डंख बसतोच. नखाने खरवडून काटा चटकन काढावा, चिमटीत धरू नये, उशीर तर करूच नये. सूज आणि खाज ही सामान्य गोष्ट आहे. परंतु अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठावा. घरात कोणाला अशी प्रतिक्रिया येत असेल तर पेटी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी, तोंड खाली असलेली घरे लोंबू लागली की वसाहत फुटण्याच्या बेतात आहे असे समजावे. नवी राणी अंड्यापासून साधारण सोळा दिवसांत तयार होते, आणि तिचे घर मेणाने बंद होण्याच्या सुमारास जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते. आमच्याकडे हे पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा करडईच्या फुलोऱ्यात होते. दुसरी पेटी हवी असेल तर आधीच दोन-तीन चौकटी आणि त्या शेंगांपैकी एक चांगली शेंग घेऊन वेगळी वसाहत करावी. नको असेल तर वर मधाचा कक्ष चढवून जागा वाढवावी. शेंगा खुडत बसण्यावर माझा विश्वास नाही. माश्यांनी ठरवले की त्या पुन्हा बांधतात. थवा निघालाच तर तो बहुधा जवळच्या शेवग्यावर किंवा आंब्यावर तासभर तरी टेकतो, आणि तेव्हा माश्या पोटभर मध पिऊन निघालेल्या असल्याने त्यांच्याइतके शांत दुसरे कोणी नसते. गल्लीतली मुले बादल्या वाजवत येतात. त्याने काही होत नाही, पण त्यांना मजा वाटते म्हणून मी अडवत नाही.

थवा सुटणे वेगळे आणि घर सोडणे वेगळे. घर सोडण्याची तयारी आठ-पंधरा दिवस चालते: अंडी थांबतात, असलेली पिल्ले बाहेर पडून संपतात, मध संपत येतो, आणि मग एके दिवशी पेटीत फक्त रिकामी पोळी उरतात. ही लक्षणे दिसली की रिकामी पोळी काढून जागा आवळावी, दुसऱ्या पेटीतली पिल्लांची एक चौकट द्यावी, कारण पिल्ले टाकून जायला माश्या सहसा धजत नाहीत, आणि खाणे सुरू करावे. खाणे म्हणजे साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला, पूर्ण निवलेला पाक. तो दिवस मावळल्यावर, पेटीच्या आत, वाटीत तुराटीचे तुकडे तरंगत ठेवून द्यावा, नाहीतर माश्या बुडतात. बाहेर एक थेंबही सांडू नये. सांडला की शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि अशी लूट एकदा लागली की थांबवता येत नाही. लातूर गुळाची पेठ, त्यामुळे गूळपाणी देण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. गूळ आणि काकवी माश्यांना पचत नाही, हगवण लागते. बाजारातला मधही घालू नये, त्यातून रोग येतात.

हे खाणे कधी लागेल ते आपल्या परिसराचा फुलोरा सांगतो. तूर, मग शाळूचा पराग, करडई, धने, बियाण्याचा कांदा, आणि पाडव्याच्या आसपास कडुनिंब, असे आमच्याकडे एकापाठोपाठ येत जाते. त्यानंतर करंज आणि चिंच असतील त्या भागात मे सुसह्य होतो. पूर्वी लातूर-धाराशिवकडे सूर्यफुलाची शेतेच्या शेते असत, ती सोयाबीनने खाल्ली. त्याचा हिशेब पेटीलाही लागतो. सूर्यफुलात दाणे भरावेत म्हणून सकाळी मऊ फडके घेऊन फुलावरून फिरवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. माशीचे काम माणूस मजुरी देऊन करत होता.

शत्रूंविषयी थोडक्यात सांगते. पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी हवेच, नाहीतर मुंगळे एका रात्रीत वसाहत उठवतात. उन्हाळ्यात वाट्या रोज भराव्या लागतात आणि वाळके पान पडून पूल झाला की पाणी असूनही उपयोग नसतो. मेणकिडा दुबळ्या वसाहतीत शिरतो. जुनी काळी पोळी काढून टाकणे आणि तळाची फळी महिन्यातून दोनदा पुसणे याहून मोठे औषध नाही. वेडा राघू समोरच्या तारेवर बसून एकेक माशी टिपतो, तारेवर आपटून तिचा काटा झटकतो आणि गिळतो. त्याला मी हाकलत नाही. दोन राघू दिवसभरात जेवढे खातात तेवढ्या माश्या वसाहतीत सहज जन्मतात, आणि तो पक्षी पाहायला सुरेख आहे.

फवारणी मात्र कोणाला हाकलून थांबत नाही. आमच्या मागच्या बाजूला अर्ध्या किलोमीटरवर शेते आहेत आणि सातेरी दीड किलोमीटरपर्यंत सहज जाते. करडईवर मावा आला की भर फुलोऱ्यात सकाळी फवारे सुरू होत. मी त्या शेतकऱ्यांकडे तक्रार घेऊन गेले नाही, मधाची बाटली घेऊन गेले, आणि शक्य असेल तेव्हा माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारा, एवढेच मागितले. तिघांपैकी दोघे आदल्या दिवशी फोन करतात. फोन आला की रात्री दाराला बारीक जाळी लावून पेटीवर ओले बारदान घालते आणि आत पाण्याची वाटी ठेवते. हे एका दिवसापेक्षा जास्त ताणू नये, आणि कडक उन्हाळ्यात तर करूच नये, कारण कोंडलेली वसाहत स्वतःच्याच उष्णतेने मरते.

राहिला मध. ज्या पोळ्याची तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाली आहेत तेच काढावे. उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि आंबतो. मधात पाणी वीस टक्क्यांहून अधिक नसावे असे अन्नसुरक्षेचे मानक आहे, आणि माश्या घर बंद करतात तेव्हा हे काम त्यांनी बहुतांशी केलेले असते. पोळे पिळू नये, यंत्रात फिरवून रिकामे परत द्यावे. चांगल्या वर्षी मला एका पेटीतून चार-पाच किलो मिळतो, वाईट वर्षी मी काढत नाही. पाक घातलेल्या काळातले पोळे मध म्हणून काढणे ही तर उघड फसवणूक आहे. थंडीत मध गोठला की साखर घातल्याचा आरोप होतो. गोठणे हा मधाचा गुणधर्म आहे, गरम पाण्यात बाटली ठेवली की तो पातळ होतो. पाण्यात थेंब टाकण्याच्या किंवा वात पेटवण्याच्या परीक्षांनी काही सिद्ध होत नाही. आणि बाळगुटीबरोबर मध चाटवण्याची आपली रीत असली तरी वर्षाच्या आतील बाळाला तो देऊ नये. मधात क्वचित बॉटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात. सुनेला मी हे सांगितले तेव्हा विहीणबाई रुसल्या होत्या.

गेल्या दिवाळीनंतर मी एक गवंडी शोधला, वयस्कर, ज्याने तरुणपणी पांढरीच्या मातीची कामे केली होती. परसदाराच्या पश्चिम कडेला त्याच्याकडून छातीएवढ्या उंचीची, दीड हात जाडीची मातीची भिंत बांधून घेतली, दगड न घालता आणि वर काहीही ओझे न ठेवता, आणि तिच्यात पेटी मावेल अशा दोन देवळ्या सोडायला सांगितल्या. देवळ्यांची मापे पाहून त्याने विचारले, "ह्यात कोणते देव बसवलालाव, बाई?"

मेच्या एका दुपारी सावलीत तापमापी एकेचाळीस दाखवत होती. देवळीच्या आत पेटीशेजारी ठेवली तेव्हा पारा पस्तिसाच्या किंचित वर थांबला. त्या दिवशी देवळीतल्या पेटीच्या दारात चार माश्या वारा घालत होत्या, जांभळाखालच्या पेटीच्या दारात तेवीस. तीनपैकी दोन पेट्या मी एकेक करून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर अशा हलवल्या होत्या, त्यांतली एक देवळीत आहे आणि एक भिंतीच्या सावलीत. तिसरी आता दुसऱ्या देवळीकडे निघाली आहे. पेटी हलवायची तर एकदम काही किलोमीटर न्यावी किंवा रोज फूटभर सरकवावी. मधले अंतर चालत नाही, कारण रानातून परतलेली माशी जुन्या जागी येऊन घिरट्या घालत राहते आणि तिथेच मरते. जांभळापासून देवळी सत्तावीस फुटांवर आहे. रोज अंधार पडल्यावर मी आणि नातू मिळून पेटी उचलतो, वाट्यांतले पाणी हिंदकळू न देता एक फूट पुढे ठेवतो आणि नातू खडूने फरशीवर आकडा लिहितो. काल त्याने अकरा लिहिला.